आजीचं सोनं आटवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजले तेही तुम्हाला कळेल. आजी गेल्यावर तिच्या डब्यातून चार वस्तू निघाल्या. एक बुगडी (जोडीतली दुसरी कधीच हरवलेली), ठुशीचा अर्धा तुकडा, मोत्यांची नथ आणि कमरेला खोचायचा, किल्ल्या लावायचा चांदीचा छल्ला. तुम्ही रोज जीन्स घालून ऑफिसला जाता, त्यामुळे यातलं काहीच आहे तसं घातलं जाणार नाही. आई म्हणते, मोडायचं नाही. सोनार म्हणतो, आटवा आणि तेवढ्या वजनाचं नवीन घ्या. तुम्हाला हवाय आजचा वाटेल असा एखादा दागिना, पण त्यात आजी दिसली पाहिजे. तो करून घ्यावा की शिकून स्वतः करावा, हेही तुम्ही विचारलंय.

मी हे काम बावीस वर्षं करतेय. सुरुवात कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनारांच्या बाजारपेठेत, एका कारागीर काकांच्या शेजारी पाटावर बसून झाली. आता पुण्यात दोन खिडक्यांची कामाची खोली आहे, दुकान नाही. माझ्याकडे येणारं निम्म्याहून जास्त काम असं डब्यातूनच निघालेलं असतं. लोक डबा उघडतात आणि विचारतात, 'याचं काय करता येईल?' करता काहीही येतं हो. ठरवायचं असतं ते एवढंच, की यातलं काय गेलं तर आजी जाईल आणि काय गेलं तरी तिचं काही बिघडणार नाही. हे ठरलं की डिझाइन निम्मं होतंच. ते न ठरवता कागदावर सुंदर चित्रं काढली, तर दागिना छान होतो आणि सहा महिन्यांत परत डब्यात जातो. माझ्याच हातचे असे दोन-तीन दागिने कुणाकुणाच्या कपाटात पडून आहेत, म्हणून सांगते.

आटलेल्या सोन्याला काही आठवत नाही. मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, गेलं की तुमच्या आजीचं सोनं आणि झवेरी बाजारातून आणलेलं सोनं यात काही फरक उरत नाही. आठवण सोन्याला चिकटलेली नसते. ती असते आकारात, झिजलेल्या कडेत, कुणीतरी घाईत दिलेल्या डाखात (धातू वितळवून केलेल्या जोडात), वजनात, आवाजात, आणि तो दागिना अंगावर कुठे बसायचा त्या जागेत. या सगळ्यांपैकी एखादीच गोष्ट तुमच्यासाठी खरी असते. ती एक सापडली की बाकी सगळं मोकळेपणाने बदलता येतं.

माझंच सांगते. माझ्या आजीच्या मोत्यांच्या कुड्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मला वाटलं, आठवण म्हणजे या कुड्याच. त्यांच्यापासून मी तीन डिझाइन केली, तिन्ही कोरडी. मग एकदा आंघोळीला जाताना स्वतःच्या कानातलं काढलं आणि ठेवायला जागा शोधायला लागले, तेव्हा लक्षात आलं. आजी रोज सकाळी कुड्या काढून पावडरच्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणात ठेवायची. झाकणात पडताना टिक-टिक असे दोन आवाज यायचे, आणि त्या आवाजावर आम्हाला कळायचं की आता बंब मोकळा व्हायला अर्धा तास आहे. माझी आठवण त्या झाकणात होती. शेवटी मी चांदीची उथळ वाटी केली, कडेला झाकणासारख्या बारीक रेघा पाडल्या, ती अंगठीवर बसवली आणि त्यात एकच कुडी सैल ठेवली, हात हलला की वाजेल इतकी सैल. दुसरी कुडी बहिणीला दिली. ही अंगठी बघून लोक विचारतात, 'हे निघालंय का?' मी म्हणते, हो.

तेव्हा आधी हे करा. डबा बंद ठेवा आणि एका कागदावर लिहा, की आजी म्हटलं की तिच्या अंगावरचं नेमकं काय दिसतं, काय ऐकू येतं. दागिन्याचं नाव लिहू नका, प्रसंग लिहा. मग तोच प्रश्न आईला विचारा. दोघींची उत्तरं वेगळी येतील, आणि ती येऊ द्या. तुमच्या निरोपात तुम्ही नथीबद्दल एक ओळ लिहिलीय, ठुशीबद्दल एक, आणि छल्ल्याबद्दल चार: दुपारी आजी माजघरातून चालली की किल्ल्या वाजायच्या, आणि तो आवाज थांबला की ती आडवी झाली असं समजायचं. तुम्ही ते सहज लिहून गेलात. मला तिथेच उत्तर दिसलं, पण त्याकडे नंतर येते.

झीज आणि तुटकेपणा याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सोनाराच्या दुकानात या दोन्ही गोष्टी 'दुरुस्त' करायच्या म्हणून धरल्या जातात. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आईची एक पाटली घेऊन आले. आईला शेवटच्या आजारपणात हाताला सूज आली होती, पाटली निघेना, म्हणून दवाखान्यात ती कापून काढली होती. कटरने दाबून कापल्यामुळे दोन्ही टोकं थोडी चेपलेली होती. दोन सोनारांनी त्यांना सांगितलं, डाख देतो, पॉलिश करतो, कापली होती हे कळणारही नाही. ते माझ्याकडे आले होते ते नेमके याच वाक्यामुळे. कळणारही नाही, हे त्यांना नको होतं. आणि कापलेलं तसंच ठेवलं तर ती पाटली घालायची कुणी आणि कशी?

मी ती पाटली चार दिवस टेबलावर नुसती ठेवली होती. आतल्या बाजूने हात फिरवला तर एका बाजूची कड जवळजवळ सपाट झिजलेली होती, शेजारच्या बांगडीवर घासून घासून. बाहेरची नक्षी तिथे पुसट होत गेलेली. ही झीज काही चाळीस वर्षांच्या आत होत नाही. पॉलिशच्या चाकावर मात्र ती दोन मिनिटांत गेली असती. कापलेल्या टोकांची धार मी फक्त बारीक कानशीने मारली, बोटाला लागणार नाही इतकीच. चेपलेला भाग सरळ केला नाही. दोन टोकांच्या मध्ये साधारण बोटभर जागा ठेवून तिथे काळवलेल्या चांदीचा एक बिजागरीचा तुकडा बसवला. चांदीला गंधकाची झाक दिली की ती पाटीसारखी काळी होते. सोनं पिवळं, जोड काळा, त्यामुळे कापलं कुठे ते लांबूनही दिसतं. चांदीचा तुकडा सोन्याला डाखाने जोडलेला नाही, दोन बारीक खिळ्यांनी रिबीट केलेला आहे. उद्या कुणाला नको वाटलं तर खिळे काढा, पाटली पुन्हा तशीच्या तशी. आता ती त्यांची मुलगी घालते. बिजागरीमुळे उघडते, म्हणजे पुढे कधी कापायची वेळ येणार नाही.

यातून माझी कामाची एक सवय तयार झाली, तीच तुम्हालाही सुचवेन: जुन्या वस्तूला शक्य तोवर आग लावायची नाही. रिबीट, तारेची गुंडाळी, फिरकी, गाठवण, पत्र्याच्या पाकळ्या मुडपून केलेलं कोंदण, या सगळ्या जोडण्या उष्णतेशिवाय होतात आणि उलट्या फिरवता येतात. आईचं 'मोडायचं नाही' आणि तुमचं 'घालायचंय' या दोन्ही गोष्टी इथे एकत्र बसतात. आईला सांगता येतं की मोडलं काहीच नाही, फक्त नवीन घरात राहायला गेलंय.

मग आटवायचं कधीच नाही का? असं नाही. एक बाई लग्नातलं सगळं सोनं घेऊन आल्या होत्या. ते लग्न त्यांनी अकरा वर्षांनी सोडलं होतं. त्यांना त्यातलं काहीही दिसायला नको होतं, पण विकायचंही नव्हतं, कारण सोनं त्यांच्या वडिलांनी घातलेलं. तिथे आटणीच योग्य होती. मी त्यांना भट्टीशेजारी बसवलं, चष्मा दिला, आणि मूस लाल होऊन सोनं पाण्यासारखं हललं तेव्हा त्यांनीच ते साच्यात ओतलं. शेवटी जी कांब निघाली ती तशीच ठेवायची म्हणाल्या. तिला एक कडी लावून दिली, बस. दुसरी परिस्थिती वाटणीची. चार भावंडं, एक मोहनमाळ, आणि कुणीच मागे हटायला तयार नाही. तिथेही मी आधी दुसरा मार्ग सुचवते. दागिन्याचा रबरी साचा घेऊन त्यावरून मेणाची नक्कल करायची आणि चांदीत ओतायची. अस्सल वस्तू एकाकडे राहते, तिचा ठसा सगळ्यांकडे जातो. ओतीव नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित आकसते, हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर धाकट्याला वाटतं आपल्याला लहान दिली.

आता तुमच्या वस्तू. काहीही ठरवण्याआधी त्या तपासून घ्या, आणि यात घाई करू नका.

वजन करा आणि लिहून ठेवा, प्रत्येक वस्तूचं वेगळं. आजीच्या लग्नाच्या यादीत 'ठुशी ५ तोळे' असं लिहिलंय म्हणता. जुना तोळा १२ माशांचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. आज बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. यादीतले ५ तोळे म्हणजे ५८ ग्रॅमच्या आसपास. अर्धी ठुशी २९ ऐवजी २५ ग्रॅम भरली, तर कुणी फसवलं असं लगेच समजू नका, पण प्रश्न नक्की विचारा. ठुशीचे किंवा बोरमाळेचे मणी पोकळ असतील तर आत लाख भरलेली असू शकते, आणि ती वजनात येते.

कस तपासा. आजीचं लग्न १९६४ सालचं, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं आणि नवे दागिने १४ कॅरटच्या वर घडवायला बंदी घातली. कित्येक सोनारांचा धंदा बसला. ती १४ कॅरटची अट काही वर्षांत गेली, कायदा मात्र १९९० पर्यंत होता. त्या दिवसांत घडवलेला दागिना १४ कॅरटचा निघाला तर त्यात फसवणूक नाही, तो काळच तसा. आणि २२ कॅरटचा निघाला तर तो एकतर आधीच्या पिढीचा, किंवा कुणीतरी मागच्या दाराने घडवलेला. ही गोष्टही आईला विचारण्यासारखी आहे. तपासणी हॉलमार्किंग केंद्रात करा. मशीनवर ठेवून केलेली तपासणी वरच्या थरापुरतीच असते आणि डाखाच्या जागी कस कमी दाखवते, म्हणून दोन-तीन जागी तपासायला सांगा. जुन्या दागिन्यावर आजचा सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक नसणार, तो प्रकार २०२१ नंतरचा.

आता तिसरी तपासणी, आणि ही मी चूक करून शिकले. भिंग घ्या आणि जुन्या दुरुस्त्या शोधा. सोन्यावर कुठे करडट, मऊ, शिशासारखा डाग दिसला तर तो कथलाचा डाख असू शकतो. गावाकडे घाईत असं करत. काम सुरू करून मला चारच वर्षं झाली होती, एका काकूंची बुगडी हातात होती, मागचा दांडा सुटलेला. मी नीट न बघता टाकणखार (डाख नीट बसावा म्हणून लावतात तो क्षार) लावला आणि ज्योत धरली. कथील सोन्याच्या आधी वितळतं, एवढंच झालं असतं तर ठीक होतं, पण ते गरम सोन्यात मुरतं आणि त्याला खातं. माझ्या डोळ्यासमोर बुगडीच्या पाठीला मुगाएवढी दोन भोकं पडली. काकांकडे घेऊन गेले. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, चहा मागवला. नंतर म्हणाले, आधी खरवडायचं असतं गं. काकूंना मी खरं सांगितलं, मजुरी घेतली नाही, आणि भोकं बुजवायला माझं सोनं घातलं. त्या रागावल्या नाहीत, पण पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून भिंगाशिवाय ज्योत पेटवत नाही.

बुगडीसाठी मी काय करेन ते सांगते. एकटी आहे म्हणून तिला जोडीदार घडवू नका. नवी बुगडी कितीही हुबेहूब केली तरी जुनीच्या शेजारी ती पाहुणीच वाटते. तुमचा कान वरच्या बाजूला टोचलेला नाही, म्हणजे बुगडी तिच्या जागी बसणार नाही. पण कानाच्या वरच्या कडेवर अडकणारी चांदीची पट्टी करता येते. साधी, रुंद, वाकवलेली, टोचावं न लागणारी. पट्टीला एक भोक, त्यातून बुगडीचा दांडा आत जाईल आणि मागून बुगडीची स्वतःची फिरकी लागेल. आजी ज्या फिरकीने ती घट्ट करायची त्याच फिरकीने तुम्ही कराल. डाख नाही, चिकटवणं नाही. चांदीची पट्टी ०.८ मिलिमीटर जाडीची पुरे. त्याहून पातळ केली तर वाकते, जाड केली तर कान दुखतो. फिरकीचे आटे झिजलेले असतील तर नवी फिरकी करून घ्या, पण जुनी फेकू नका.

ठुशीचा तुकडा आधी पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याकडे, न्या. आता हे लोक कमी झालेत, पण पुण्यात रविवार पेठेच्या बाजूला किंवा गुजरीत विचारलंत तर सापडतील. दोरा जुना आहे, तो पहिल्यांदा बदलायचा. गाठवताना मणी मोजा, चेपलेले वेगळे काढू नका. अर्धी ठुशी पूर्ण करण्याचा मोह होईल. माझं मत, करू नका. अर्धी सोन्याची ठेवा, उरलेला अर्धा गळा काळ्या रेशमाच्या गोफाचा किंवा चांदीच्या साध्या नळीचा करा, आणि जोड बरोबर मध्यभागी न आणता बाजूला घ्या. शर्टाच्या कॉलरमध्ये सोन्याचे तीन-चार बोटं मणी दिसतील, एवढंच. घरात कुणालातरी माहीत असेल की उरलेली अर्धी कुठे गेली. घर बांधताना गेली की कुणाच्या फीला, ते कळलं तर त्या मोकळ्या अर्ध्या भागालाही अर्थ येतो.

नथीला हात लावताना जपा. तुमच्या फोटोत मोती पिवळट आणि पूर्ण गोल नसलेले दिसतात, भोकंही अगदी बारीक आहेत. जुन्या नैसर्गिक मोत्यांना भोक बारीकच पाडत, कारण मोती वजनावर विकला जाई आणि जेवढं कोरायचं तेवढं कमी व्हायचं. हे बसऱ्याचे, म्हणजे इराणच्या आखातातले, असू शकतात, पण फोटोवरून कुणी खात्री दिली तर विश्वास ठेवू नका. ते क्ष-किरणांनी बघणाऱ्या रत्नप्रयोगशाळेचं काम आहे. मधला लाल खडा माणिक असेलच असंही नाही. भट्टीत बनवलेलं माणिक १९०२ पासून जगात आहे आणि आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांत ते भरपूर सापडतं. म्हणून नथ खोटी ठरत नाही. ते त्या काळचं नवं तंत्रज्ञान होतं आणि लोकांनी हौसेने वापरलं.

मोती ज्योतीजवळ नेऊ नका, आणि डाख दिल्यावर दागिना ज्या तेजाबात टाकतात त्यात तर मुळीच नाही, मोत्याचा चुना होतो. अल्ट्रासॉनिक मशीन, टूथपेस्ट, लिंबू, सगळं बंद. ओल्या मऊ कापडाने पुसा, पुरे. तार अगदी जीर्ण असेल तरच जुन्याच क्रमाने पुन्हा ओवून घ्या, आणि त्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. घालायचीच असेल तर एक साधी आडवी पिन करा, तिला कडी, आणि नथ त्या कडीत तिच्या स्वतःच्या तारेने अडकवा. कोटावर, दुपट्ट्यावर, पिशवीवर, कुठेही. पिन २२ कॅरटची करू नका, फार मऊ होते आणि वाकून नथ पडेल. चांदीच्या चौकटीला स्टीलची सुई हे या कामासाठी सोन्यापेक्षा चांगलं.

आणि छल्ला. त्यावर मी काहीही करणार नाही. त्याचा आकडा जीन्सच्या बेल्टच्या पट्टीत अडकवून बघा. नऊवारीच्या ओच्यात खोचायला केलेली वस्तू डेनिममध्ये इतकी नीट बसते, की ती आधीपासून तिथेच होती असं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या दोघी तशी वापरतात. त्यात घराच्या किल्ल्या लावा, तुमच्या, आजच्या. किल्ल्या कमी असतील, आवाज पातळ येईल. वाटलं तर जुन्या कपाटाची एखादी निकामी किल्ली जोडा, आजीच्या किल्ल्यांचा आवाज जाड होता तो त्या मोठ्या लोखंडी किल्ल्यांमुळे. रांगोळीने घासून चकचकीत करू नका, नक्षीच्या खाचांतला काळेपणा राहू द्या. तुम्ही ज्याला 'आजचा दागिना' म्हणताय तो तुमच्या डब्यात घडवूनच ठेवलेला आहे, असं मला तुमचा निरोप वाचताना वाटत होतं.

मजुरीचंही बोलू. तुमच्या सोनाराला बोल लावू नका. त्याची घडणावळ वजनावर चालते. दोन ग्रॅम चांदीच्या पट्टीला दोन दिवस लागणार असतील तर त्याला त्यात काही सुटत नाही, म्हणून तो 'आटवा' म्हणतो. तुम्ही कामाच्या दिवसांवर मजुरी ठरवा आणि तसं आधीच बोला. तोच माणूस वेगळ्या डोळ्यांनी काम करतो. वस्तू देताना प्रत्येकीचं वजन लिहिलेली पावती घ्या. काही आटवायचंच ठरलं तर समोर आटवून घ्या, आणि किती घट धरणार ते आधी विचारा. सोन्यावर ज्योत लावण्याआधी जुना डाख तपासा, हे त्याला सांगायला लाजू नका. चांगला कारागीर रागावत नाही.

शिकून स्वतः करायचं का? हे तुमच्या हाताच्या सवयीवर आणि किती वाट बघू शकता त्यावर आहे. चांदीची पट्टी आणि तिला एक भोक, एवढं काम एखाद्या चांगल्या वर्गात तीन-चार महिन्यांत जमतं. आधी तांब्याचा पत्रा घ्या. करवतीची पानं डझनाने मोडतील, ती स्वस्त असतात, मोडू द्या. रेघेवर करवत चालवायला आली, मग कानस, मग डाख. सोन्याला मात्र किमान वर्षभर हात लावू नका, आणि आजीच्या सोन्याला त्याहून जास्त. आणखी एक. जुन्या कांबेत कधी शिसं किंवा कथील मिसळलेलं असलं तर ती लाटताना ठिसूळ होऊन कडेने फाटत जाते. हे घरी झालं तर तुम्हाला वाटेल आपलंच चुकलं, आणि ते खरं नसेल.

हल्ली एक प्रकार बराच दिसतो, तो विचारण्याआधीच सांगते. साडीच्या काठाचा तुकडा, केस किंवा हाताने लिहिलेली चिठ्ठी रेझिनमध्ये ओतून पेंडंट करतात. दिसायला चांगलं दिसतं. पण रेझिन काही वर्षांत पिवळं पडतं, आणि एकदा आत गेलेली वस्तू परत निघत नाही. त्याऐवजी मागून उघडणारी चांदीची डबी आणि पुढे काच करा. जुन्या पैठणीचा काठ असेल तर जर खरी आहे का बघा. खऱ्या जरीत रेशमाभोवती चांदीची तार असते आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. म्हणून तर जुन्या साड्या जाळून चांदी काढत. ती तार काळी पडते, म्हणून डबीत ओल राहू देऊ नका.

राहिला प्रश्न 'पण हे कलेसारखं दिसेल का' याचा. तुम्ही दोनदा विचारलाय म्हणून एक उदाहरण देते. स्विस कलावंत ओट्टो क्युन्झली यांनी १९८० साली काळ्या रबराचं एक कडं केलं, आणि त्याच्या आत सोन्याचा गोळा घातला. बाहेरून फक्त रबर आणि एक फुगीर जागा दिसते. आत खरंच सोनं आहे की नाही, ते रबर झिजल्याशिवाय कळत नाही, आणि घालणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा. मी ते पहिल्यांदा फोटोत बघितलं तेव्हा मला आजीच्या नऊवारीच्या केळ्यात (कमरेशी खोचलेल्या गुंडाळीत) बांधलेली पुरचुंडी आठवली. दागिना दिसला पाहिजे असा नियम कुणीच केलेला नाही. छल्ला दुपट्ट्याखाली राहिला आणि फक्त वाजला, तरी तो तुमचा दागिना आहे.

बुगडीची पट्टी करायची झाली तर कारागिराला एक माहिती लागेल, कारण पट्टीचा बाक तिच्यावर ठरतो: उरलेली बुगडी डाव्या कानाची की उजव्या? नक्षीतला मोर कुठे तोंड करून आहे त्यावरून अंदाज येईल, पण आईलाच विचारा. तिला आठवत असेल.